डोळ्याचा पडदा: आत काय असतं, बिघाड कसा ओळखायचा आणि ठाणे-नवी मुंबईत वेळेत काय करायचं

डोळ्यात कचरा गेला, रांजणवाडी झाली, बुबुळाला ओरखडा आला, की डोळा लाल होतो, पाणी गळतं आणि माणूस त्याच संध्याकाळी डॉक्टर गाठतो. पडद्याचं तसं नाही. पडद्यात वेदना कळवणारे तंतूच नसतात. त्याला भोक पडलं, त्यातून रक्त झिरपलं, तो मागच्या भिंतीपासून सुटला, तरी डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आरशात काही वेगळं दिसत नाही. त्यातून आपले डोळे दोन. एकाने काम सोडलं की दुसरा मुकाट्याने सांभाळून घेतो. रोज घोडबंदर रोडवरून गाडी चालवणाऱ्या माणसालाही एका डोळ्याचं मधलं दिसणं गेलंय हे कळतं ते कधी, तर दुसरा डोळा चोळायला हात वर गेला तेव्हा.

म्हणून या लेखातली एकच सवय लागली तरी खूप झालं: आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून बघायचं. काय बघायचं आणि का, ते समजायला आधी पडद्याची रचना पाहू.

पडदा म्हणजे नेमकं काय

डोळ्याचा गोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटरचा. बाहेरून जाड पांढरं श्वेतपटल, त्याच्या आत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं कोरॉइड, आणि त्याला आतून अस्तरासारखा लागून असलेला पडदा, म्हणजे रेटिना. पुस्तकी मराठीत दृष्टिपटल. जाडी जागेनुसार ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास. मधली पोकळी काचद्रवाने भरलेली असते. तो सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दाट पदार्थ.

सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याचे १० थर मोजतात. पाठ करायची गरज नाही, पण तीन गोष्टी लक्षात राहिल्या तर पुढची सगळी लक्षणं आपोआप समजतात.

पहिली गोष्ट प्रकाश टिपणाऱ्या पेशींची. या दोन जातींच्या. दंडपेशी साधारण ९ ते १२ कोटी, मंद उजेडात काम करणाऱ्या, त्यांना रंग कळत नाही. शंकूपेशी ५० ते ६० लाख, भरपूर उजेड लागणाऱ्या, रंग आणि बारीक अक्षर दाखवणाऱ्या. गंमत अशी की या पेशी पडद्याच्या सगळ्यात मागच्या बाजूला असतात, म्हणजे प्रकाशाला आधी बाकीचे थर पार करावे लागतात. त्या पेशींनी टिपलेलं चित्र दोन टप्प्यांनी पुढच्या पेशींकडे जातं आणि शेवटी १० ते १२ लाख तंतूंची एक जुडी होऊन मेंदूकडे निघते. ही जुडी म्हणजे ऑप्टिक नर्व्ह.

दुसरी गोष्ट मधल्या जागेची. पडद्याच्या मधोमध साधारण साडेपाच मिलिमीटरचा भाग म्हणजे मॅक्युला, पीतबिंदू. त्याच्याही मध्ये दीड मिलिमीटरची खळगी, फोविया. तिथे वरचे थर बाजूला सरकलेले असतात, म्हणजे प्रकाश थेट शंकूपेशींवर पडतो, आणि या खळगीच्या अगदी मध्यावर दंडपेशी एकही नसते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, बसची पाटी वाचणं, ही सगळी कामं या इवल्या जागेची. उरलेला सगळा पडदा आजूबाजूचं भान देतो. येऊरच्या अंधाऱ्या रस्त्यावर उभं राहून एखादा मंद तारा थेट बघायला गेलात तर तो विझल्यासारखा होतो, नजर जरा बाजूला नेली की परत दिसतो. थेट बघताना त्याचा प्रकाश दंडपेशी नसलेल्या जागी पडतो, म्हणून असं होतं.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, रक्तपुरवठ्याची. पडद्याला दोन ठिकाणांहून रक्त मिळतं. आतल्या थरांना मध्यवर्ती रोहिणीच्या फांद्या पुरवठा करतात. बाहेरच्या थराला, म्हणजे दंडपेशी-शंकूपेशींना, मागच्या कोरॉइडमधून झिरपून मिळतं. आणि त्या मधल्या खळगीत आतल्या रक्तवाहिन्या मुळी नसतातच. ती पूर्णपणे कोरॉइडच्या जिवावर जगते. आता हे ध्यानात घ्या: पडदा कोरॉइडपासून सुटला की त्या खळगीची रसद तुटते. पडदा सुटलेल्या रुग्णाला डॉक्टर घाई करतात ती यासाठी.

आणि तो सुटतोच का? प्रकाश टिपणारा थर आणि त्याच्या मागचा काळसर रंगपेशींचा थर यांच्यात डिंक नसतो. गर्भात असताना हे दोन वेगळे पापुद्रे असतात, ते जन्मभर एकमेकांना नुसते टेकलेले राहतात. रंगपेशी मधलं पाणी सतत शोषून घेतात, म्हणून पडदा जागेवर बसतो. पडद्याला फट पडली की पातळ झालेला काचद्रव त्या फटीतून मागे शिरतो. पावसाळ्यात भिंतीत पाणी झिरपून रंगाला फुगा येतो ना, पोपडा सुटत जातो ना, अगदी तसाच पडदा सुटत जातो.

घरच्या घरी पाहायचा आंधळा ठिपका

ऑप्टिक नर्व्ह जिथून बाहेर पडते तिथे, दीडेक मिलिमीटरच्या जागेत, प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. तिथे आपण खरोखर आंधळे असतो. कोऱ्या कागदावर डावीकडे एक बेरजेचं चिन्ह काढा आणि त्याच्या उजवीकडे बरोबर ८ सेंटीमीटरवर एक जाड काळा ठिपका. डावा डोळा तळहाताने झाका, उजव्या डोळ्याने बेरजेच्या चिन्हाकडे बघत राहा आणि कागद हळूहळू पुढे-मागे न्या. डोळ्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होईल.

आता नीट बघा. ठिपका गेला तिथे काळं भोक दिसतं का? नाही. कोरा कागद दिसतो. मेंदूने रिकामी जागा आजूबाजूच्या पांढऱ्याने भरून टाकली. मुलांना दाखवायला हा खेळ छान आहे, पण मोठ्यांनी त्यातला धोका ओळखावा. पडद्याचा एखादा तुकडा निकामी झाला तरी मेंदू हीच सारवासारव करतो. “मला तर सगळं दिसतंय” हा पुरावा होत नाही.

आठवड्याची घरची तपासणी

मधल्या भागासाठी आम्सलर जाळी वापरतात. मार्क आम्सलर हे स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ. पडद्याला पडलेली फट बुजवली की सुटलेला पडदा पुन्हा बसतो, हे १९२०च्या दशकात दाखवून देणाऱ्या ज्यूल गोनँ यांच्याच परंपरेतले. त्याआधी पडदा सुटला की तो डोळा गेला असंच धरून चालत.

जाळी विकत आणायची गरज नाही. स्टेशनरीच्या दुकानातला आलेखाचा कागद घ्या. त्यावर १० सेंटीमीटरचा चौरस आखा, आत दर ५ मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेषा पेनाने ठळक करा, म्हणजे ४०० घरं होतील. बरोबर मध्यावर एक ठिपका. मग असं करा:

१. वाचायचा चष्मा असेल तर तो लावा. चष्म्याविना चाळिशीपुढच्या माणसाला रेषा पुसटच दिसणार, आणि उगाच भीती वाटेल.

२. कागद चांगल्या उजेडात ३० सेंटीमीटरवर धरा. शाळेची पट्टी असते तेवढंच अंतर, एकदा मोजून घ्या. या अंतरावर एक घर म्हणजे जवळजवळ एक अंश होतो.

३. एक डोळा तळहाताने झाका. बोटांनी दाबू नका. दाबलेला डोळा नंतर काही क्षण धूसर दिसतो आणि त्याची पाळी आली की चुकीचं उत्तर देतो.

४. ठिपक्यावरून नजर न हलवता बघा: चारही कोपरे दिसतात का, एखादी रेष लाटेसारखी वाकते का, काही घरं लहान-मोठी किंवा करडी दिसतात का, मधला ठिपकाच गायब आहे का.

५. वाकडं दिसलं तर पेन्सिलीने त्याच जागी खूण करा, डोळा कोणता ते आणि तारीख लिहा. डॉक्टरांना हा कागद शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगतो.

मधुमेही आणि पन्नाशीपुढच्या माणसांनी आठवड्यातून एकदा. एका डोळ्याचा पीतबिंदू आधीच बिघडलेला असेल तर दुसऱ्यासाठी रोज, दात घासण्याइतकं नेमाने.

कागद हाताशी नसेल तर खिडकीची ग्रिल बघा. आपल्याकडे ग्रिल नसलेली खिडकी विरळाच. एक डोळा झाकून एका गजाच्या मध्यावर नजर ठेवा. सरळ गज मध्ये कंबरेत वाकल्यासारखा दिसला, किंवा बाथरूमच्या टाइल्सची रेघ तेवढ्याच जागी चेपल्यासारखी दिसली, तर दोष ग्रिलचा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या बारीक तिथी रोज त्याच जागेवरून, त्याच दिव्यात, एकेका डोळ्याने वाचणं हीसुद्धा चांगली परीक्षा.

पण जाळीची मर्यादा ओळखून असा. ती मध्यबिंदूपासून चारी बाजूंना फक्त १० अंश दाखवते. पडद्याच्या कडेला पडलेली फट तिच्यात दिसत नाही. मधुमेहाची सुरुवातीची खराबीही दिसत नाही. जाळी सरळ दिसली म्हणून वार्षिक तपासणी टाळणं ही नेहमी होणारी चूक.

लक्षण कुठे दिसतं, त्यावरून बिघाड कुठे आहे

कॅमेऱ्यासारखंच पडद्यावर चित्र उलटं पडतं. त्यामुळे पडद्याचा वरचा भाग खालचं दाखवतो, नाकाकडचा भाग कानाकडचं दाखवतो. सावली खालून वर चढत असेल तर पडदा वरून सुटतोय. आणि वरून सुटलेला पडदा जास्त घाईचा, कारण मागे शिरलेलं पाणी वजनाने खाली उतरतं आणि खाली वाटेत पीतबिंदू असतो. लोकांना उलटं वाटतं: “खालच्या बाजूला थोडंसं काळं आहे, समोरचं छान दिसतंय, बघू रविवारी.” समोरचं छान दिसतंय तोवरच जायचं असतं. पीतबिंदू सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याची नजर टिकण्याची शक्यता खूपच चांगली. एकदा तो सुटला की पडदा जागेवर बसवला तरी पूर्वीची धार बहुधा परतत नाही.

पडदा सुटण्याची पूर्वसूचना सहसा मिळते. वयानुसार काचद्रव आकसतो, पातळ होतो आणि पडद्यापासून मोकळा होतो. पन्नाशीनंतर हे बहुतेकांना कधी ना कधी होतं, जास्त मायनस नंबर असलेल्यांना आणखी लवकर. मोकळा होताना तो पडद्याला ओढतो. पडद्याला वेदना कळत नाही, ओढही कळत नाही. त्याला एकच भाषा येते, प्रकाशाची. म्हणून ओढ लागली की चमक दिसते. अंधारात मान किंवा डोळा फिरवला की कडेला, बहुधा कानाच्या बाजूला, क्षणभर वीज चमकल्यासारखी. सोबत तरंगणारे ठिपके, जाळं, केस, माशी, कोळ्याचं जाळं, ज्याला जसं वाटेल तसं.

वर्षानुवर्षं दिसणारे दोन-चार ठिपके, पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे बघताना जाणवणारे, यांत काळजीचं काही नसतं. काळजी नव्याची. अचानक चमक आणि ठिपके सुरू झालेल्या दर दहा जणांत साधारण एकाला पडद्याची फट सापडते. ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखा झाला, काजळी उधळल्यासारखं दिसलं, तर फटीची शक्यता आणखी वाढते, कारण ते रंगपेशींचे कण किंवा रक्ताचे थेंब असतात. फट वेळेत सापडली तर तिच्याभोवती लेझरने टाके दिल्यासारखे डाग देतात. काही मिनिटांचं काम, बसल्या जागी. डाग पक्के व्हायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. तीच फट आठवडाभर राहिली तर ऑपरेशन थिएटर.

पहिल्या तपासणीत फट नाही असं सांगितलं तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. हे टाळू नका. काचद्रव पूर्ण मोकळा व्हायला वेळ लागतो आणि फट नंतरही पडू शकते.

अर्धशिशीची चमक वेगळी. ती दोन्ही डोळ्यांत दिसते, नागमोडी किंवा किल्ल्याच्या तटासारखी दातेरी असते, हळूहळू पसरते आणि वीस-तीस मिनिटांत ओसरते, मग डोकं दुखतं किंवा नाहीही. डोळे एकेक करून झाका: दोन्हीत दिसली तर बहुधा मेंदूकडची, एकाच डोळ्यात असेल तर पडद्याकडची समजून चाला.

सरळ रेषा वाकडी दिसणं हे पीतबिंदूचं लक्षण. पन्नाशीनंतर वयामुळे पीतबिंदूमागे नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, गळतात. मधुमेहात तिथे सूज येते. कधी पडद्यावर पातळ पापुद्रा चढून सुरकुती पडते, कधी मध्यावर भोक पडतं. तिशी-चाळिशीच्या पुरुषांत मात्र आणखी एक प्रकार दिसतो: मधोमध करडा डाग, वस्तू जरा लहान दिसणं, रंग फिके होणं. पीतबिंदूखाली पाण्याचा फुगा येतो. ऐरोली-महापेच्या रात्रपाळ्या, अपुरी झोप, ताण यांचा याच्याशी संबंध आहेच, पण सगळ्यात ठळक कारण स्टिरॉइड. गोळी, गुडघ्यातलं इंजेक्शन, दम्याचा पंप, त्वचेचं मलम, अंगावर मूठभर मांस चढवणारी पुडी, काहीही. असा डाग दिसला तर वापरत असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव डॉक्टरांना सांगा. लिहून दिलेलं स्टिरॉइड मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. बहुतेक वेळा हा फुगा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो.

रातांधळेपण दंडपेशींचं. उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पूर्ण सरावायला निरोगी माणसालाही अर्धा तास लागतो. पण गडकरी रंगायतनमध्ये दिवे मालवल्यावर सगळे आपापल्या खुर्च्या शोधून बसतात आणि घरातला एकच जण दरवेळी कुणाचा तरी खांदा धरतो, दिवसा दाराच्या चौकटीला आणि खाली ठेवलेल्या बादलीला धडकतो, तेव्हा तो वेंधळा नसतो. दंडपेशी हळूहळू मरत जाणारा आनुवंशिक आजार असू शकतो. आई-वडील नात्यातले असतील तर शक्यता अधिक. लहान मुलात जीवनसत्त्व अ कमी पडल्यानेही हेच होतं, आणि ते उपचाराने भरून येतं.

मधुमेह आणि पडदा

सगळ्यात जास्त नजर वाचवता येण्यासारखी आहे ती इथे, आणि सगळ्यात जास्त हलगर्जीपणाही इथेच. साखरेने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना फुगवटे येतात, त्यातून रक्त आणि चरबी गळते, पुढे त्या बंद पडतात. उपाशी पडदा नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा निरोप पाठवतो. त्या नव्या वाहिन्या कच्च्या असतात, फुटतात, काचद्रवात रक्त उतरतं, पाण्यात शाई सोडल्यासारखं. इथवर येईपर्यंत सहा बाय सहा, म्हणजे तक्त्यावरची अक्षरं अगदी व्यवस्थित, दिसत असू शकतं. चष्म्याचा नंबर बदलला नाही याचा पडदा ठीक असण्याशी काही संबंध नाही.

टाइप २ मधुमेह ज्या दिवशी कळला त्याच महिन्यात बाहुली मोठी करणारे ड्रॉप घालून पडदा तपासून घ्या, कारण तो त्याआधी काही वर्षं लपून असू शकतो. टाइप १ असेल तर पाच वर्षांनी सुरुवात. काही दोष नसेल तर वर्षातून एकदा, मध्यम खराबी असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, तीव्र असेल तर त्याहून लवकर. मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांत तपासणी, मग डॉक्टर सांगतील तशी. नुसता गरोदरपणापुरता मधुमेह असेल तर हे लागत नाही. वर्षानुवर्षं वाढलेली साखर इन्सुलिनने झपाट्याने खाली आणायची असेल तर त्याआधी पडदा दाखवून घ्या. एकदम खाली आणल्यावर पडद्याची खराबी काही काळ वाढू शकते.

लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन नजर गेल्यावर नव्हे, जाऊ नये म्हणून असतं. पूर्ण पडद्याच्या लेझरनंतर रात्री आणि कडेचं थोडं कमी दिसू शकतं, ही किंमत आधीच सांगितलेली बरी. म्हणजे “लेझर केलं आणि बिघडलं” असं म्हणत कुणी पुढच्या फेऱ्या सोडत नाही.

किती घाई

एका डोळ्याची नजर दिव्याचं बटण बंद केल्यासारखी, दुखल्याशिवाय, अचानक गेली तर ती पडद्याची रोहिणी तुंबल्याची खूण. हा डोळ्यातला स्ट्रोक आहे. साधारण चार तासांत पडद्याचं नुकसान कायमचं होतं. चष्म्याचं दुकान नको, रात्रीचे नऊ वाजलेत म्हणून सकाळची वाटही नको. १०८ला फोन करा आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आणि मेंदूविकाराचे डॉक्टर असतात अशा मोठ्या रुग्णालयात जा. नजर काही मिनिटं जाऊन परत आली तरी जा. तो पुढच्या पक्षाघाताचा इशारा असू शकतो. बीपीची जास्तीची गोळी मनाने घेऊ नका. पन्नाशीपुढच्या माणसाचं कपाळ-कानशील दुखत असेल, चावताना जबडा दुखत असेल, केस विंचरताना डोकं हुळहुळत असेल, तर तेही आवर्जून सांगा. ही रोहिणीच्या सुजेची लक्षणं आहेत आणि दुसरा डोळाही जाऊ शकतो.

त्याच दिवशी जायचं: नवी चमक, ठिपक्यांचा पाऊस, कुठूनही येणारी सावली, डोळ्यात शाई उतरल्यासारखं दिसणं, गल्लीतल्या क्रिकेटचा चेंडू किंवा शटल डोळ्यावर बसणं. दोन-तीन दिवसांत: वाकड्या रेषा, मधला डाग. दहीहंडी आणि गणपतीच्या मिरवणुकांत लेझरचे झोत थेट डोळ्यात गेल्याने पडद्यात रक्तस्राव झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. मुलाला खांद्यावर घेतलं असेल तर त्याचं तोंड झोताच्या विरुद्ध दिशेला ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी मधोमध डाग दिसला तर थेट रेटिनाच्या डॉक्टरांकडे.

मुलांच्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल आणि दुसरीत पांढरी चमक दिसली, किंवा डोळा नव्याने तिरळा झाला, तर त्याच आठवड्यात दाखवा. पडद्याचा कर्करोग असू शकतो आणि लवकर सापडला तर मूल वाचतं, अनेकदा डोळाही वाचतो. आणि ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. उपचार ठरला तर तो दोन-तीन दिवसांत करायचा असतो. बारशाची, सव्वा महिन्याची वाट बघत बाळाला घराबाहेर न काढण्याचा रिवाज इथे बाजूला ठेवा.

फोन कसा करायचा, जाताना काय न्यायचं

स्वागतकक्षाला “डोळे तपासायचेत” म्हणालात तर पुढच्या आठवड्याची वेळ मिळेल. असं म्हणा: “कालपासून उजव्या डोळ्यात चमक आहे, आज सकाळपासून खालून काळी सावली येतेय. आज रेटिना स्पेशालिस्ट आहेत का, ड्रॉप घालून पडदा बघतील का?” सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की वाशीचं महापालिका रुग्णालय, रेटिनाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या. गरज पडली तर जे. जे. रुग्णालय ठाण्याहून मध्य रेल्वेने भायखळ्याला उतरून आणि नवी मुंबईहून हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरून गाठता येतं. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला त्याच दिवशी विचारा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर असू द्या.

पिशवीत ठेवा: जुना चष्मा, आधीचे रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, ताजी साखर आणि बीपी, गॉगल, आणि सोबत एक माणूस. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर किती वर्षं आणि रोज किती मिलिग्रॅम ते सांगा. दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पडद्याला अपाय होण्याचा धोका वाढतो, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी लागते.

ड्रॉप घातल्यावर बाहुली मोठी व्हायला वीस ते चाळीस मिनिटं लागतात, मधुमेह्यांना जास्त. नंतर चार ते सहा तास जवळचं धूसर आणि उजेड झोंबतो. दुचाकी अजिबात चालवू नका. दुपारच्या उन्हात ठाणे स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या उतरतानाही हात धरायला कुणी असावं. डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून, तुम्हाला वर-खाली-बाजूला बघायला लावतात आणि कधी पापणीवरून हलकेच दाबतात. हे थोडं नकोसं वाटतं, पण कडेची फट याच पद्धतीने सापडते. शिबिरात काढलेला पडद्याचा फोटो चांगला असला तरी साधा कॅमेरा मधलाच भाग टिपतो. चमक-ठिपक्यांची तक्रार असेल तर त्या फोटोवर समाधान मानू नका. रक्तामुळे आतलं दिसत नसेल तर बंद पापणीवरून सोनोग्राफी करतात.

ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा प्रकाशाने घेतलेला आडवा छेद. हनुवटी टेकवून काही मिनिटं बसायचं, बस. हाताच्या शिरेत रंग टोचून काढायच्या फोटोंना मात्र आधी भरपेट जेवू नका, क्षणभर मळमळतं. दमा, ॲलर्जी, गरोदरपण आधी सांगा. त्या दिवशी लघवी गडद पिवळी-केशरी होते, घाबरू नका.

डोळ्यातल्या इंजेक्शननंतर त्या दिवशी थोडं खुपतं, पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसतो, तो निरुपद्रवी. पण पहिल्या आठवड्यात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर आत जंतू शिरले असू शकतात. पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत जा.

पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत विमान नाही. वायूच्या प्रकाराप्रमाणे हे दोन ते आठ आठवडे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, वायू फुगतो, डोळ्याचा दाब धोक्याइतका चढतो. विमानाचं बहुतेक डॉक्टर सांगतात, घाटाचं विचारायचं राहून जातं. ठाण्याहून माळशेज, खंडाळा किंवा महाबळेश्वर गाठायचं असेल, गावाकडच्या लग्नासाठी का होईना, तर सर्जनना विचारल्याशिवाय निघू नका. आणि त्या काळात दुसऱ्या कुठल्या कारणाने भूल द्यायची वेळ आली तर “डोळ्यात वायू आहे” हे भूलतज्ज्ञांना सगळ्यात आधी सांगा, कारण भुलेतल्या नायट्रस ऑक्साइडने तो वायू तिथल्या तिथे फुगतो. रुग्णालयाने मनगटावर पट्टी बांधली असेल तर ती वायू जाईपर्यंत काढू नका.